सहा एमएल सिन्का

या ग्रुपवरचे अनुभव मी तीन वर्षांपासून वाचते, पण कधी कमेंट केली नाही. खरं सांगायचं तर वाचता वाचता मनातल्या मनात प्रत्येकाचं निदान करते मी. छातीवर कोणीतरी बसलं होतं – स्लीप पॅरालिसिस. गेलेल्या आजोबांचा आवाज आला – ताप, नाहीतर दुःख. बंद खोलीत जीव गुदमरला – बाई, आधी खिडकी उघड. मी सायन्सची मुलगी आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि ती चढताना लिंबू, उतारे, अंगात येणं हे सगळं खाली ठेवून आले होते. म्हणून हे लिहायला मला आठ महिने लागले.

ठिकाण सुरत. हॉस्पिटलचं नाव देणार नाही, उधना बाजूचं एक मध्यम खाजगी हॉस्पिटल एवढंच समजा. तिसरा मजला, पुरुषांचा मेडिकल वॉर्ड, सोळा बेड. वार मंगळवार, वेळ दुपारी तीनच्या आसपास. खिडकीतून ऊन येत होतं, खाली रिक्षांचे हॉर्न चालू होते. अंधार, शुकशुकाट, कुत्र्याचं रडणं वगैरे काही नव्हतं... आधीच सांगून ठेवते.

माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मी डॉक्टर आहे. म्हणजे किर्गिझस्तानात आहे, इथे नाही. माझे वडील, आप्पा, अमळनेरकडून सुरतेला आले आणि आयुष्यभर लिंबायतमधल्या लूम खात्यात उभे राहिले. बारावीला मला मार्क चांगले होते, पण इथल्या सरकारी कॉलेजला पुरतील इतके नव्हते. एजंट घरी आला, बिश्केकचे फोटो दाखवले, बर्फाचे डोंगर, पांढरे कोट. आप्पांनी गावाकडचं शेत विकून मला पाठवलं. सहा वर्षं तिकडे राहिले. पेशंटशी बोलायला रशियन शिकले. डिग्री घेऊन आले.

बाहेरून डॉक्टर होऊन आलेल्यांना इथे एक परीक्षा द्यावी लागते. ती पास झाल्याशिवाय भारतात प्रॅक्टिस नाही. मी तीनदा दिली. तिसऱ्या वेळी नऊ मार्कांनी राहिली. त्याच वर्षी माय आजारी पडली. चौथ्यांदा फॉर्म भरायच्या ऐवजी मी नर्सिंगचा फॉर्म भरला. सत्ताविसाव्या वर्षी अठरा वर्षांच्या पोरींबरोबर बेड कसा लावायचा ते शिकायला बसले. तीन वर्षं कोर्स, आणि आता तीन वर्षं नोकरी. मला त्याची लाज वाटत नाही. काम काम असतं. पण एक सांगते – डॉक्टर लोक मला त्यांच्यातली समजत नाहीत, ते ठीक. नर्सेससुद्धा समजत नाहीत. डबा खायला बसलं की "अमारां डॉक्टरबेन आव्यां" म्हणून हसतात आणि मग आपापसात बोलत राहतात. मी माझा डबा खाते.

आणि लिंबायतमध्ये उलटंच. आप्पांनी दारावर पाटी लावून घेतलेली – डॉ. अमुक तमुक, एमडी. तिकडच्या डिग्रीवर तसंच लिहिलेलं असतं. गल्लीतल्या बायका बीपी मोजायला येतात, डॉक्टरताई म्हणतात. मी हॉस्पिटलमध्ये नक्की काय करते ते आप्पा सोडून गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. मी ते कधी सांगितलं नाही, आणि आप्पांनी सांगू दिलं नाही. माय चार वर्षांपूर्वी गेली. आता घरात आम्ही दोघंच. त्यात लूमच्या खडखडाटाने आप्पांचे कान गेलेले, त्यामुळे घरात बोलायचं म्हणजे ओरडायचं. रोज ओरडण्यासारखं माणसाकडे असतं किती? मग आम्ही फारसं बोलत नाही.

तर तो मंगळवार.

माझी दुपारची ड्यूटी. दोन वाजता चार्ज घेतला तेव्हा नऊ नंबर बेडवर नवीन पेशंट होता. भिलाभाऊ, वय पंचेचाळीसच्या आसपास, पलसाण्याजवळ कापड रंगवायच्या एका डाइंग युनिटमध्ये काम करणारा. सकाळी रसायनाचा पिंप उपडा झाला आणि कपडे भिजले. त्याच कपड्यांत त्याने दोन तास काम केलं आणि मग चक्कर येऊन पडला. कॅज्युअल्टीत कपडे बदलून, अंग धुऊन वर पाठवलेला. फाइलवर न्यूमोनियाची शंका लिहिलेली. ऑक्सिजनचा मास्क लावलेला. बायको स्टुलावर बसून त्याचे पाय दाबत होती.

मला नावावरूनच कळलं की आपल्याकडचे आहेत. मी अहिराणीत विचारलं तशी ती बाई माझा हातच सोडेना.

"ताई, यासले काय व्हयनं? ओठ काया पडी ग्यात."

ओठ खरंच काळे पडले होते. काळे म्हणजे पाटीच्या दगडासारखे, राखाडी-निळे. बोटाला लावलेल्या चिमटीवर ऑक्सिजनचा आकडा पंच्याऐंशी. मी ऑक्सिजन वाढवला. पंच्याऐंशी. चिमटी दुसऱ्या बोटाला लावली, नंतर मशीनच बदलून आणलं. पंच्याऐंशी. जणू कुणी खिळा मारून ठेवलाय. छाती ऐकली तर दोन्ही बाजू स्वच्छ. छाती स्वच्छ, ऑक्सिजन पुरेपूर, आणि माणूस निळा. माझ्या डोक्यात न्यूमोनियाच, फार तर फुप्फुसात गुठळी. यापुढे माझं डोकं चाललं नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं याच्यावरच आलं.

वॉर्डचे ड्यूटी डॉक्टर मेहुलभाई. ते दुसऱ्या एका सिरियस पेशंटला घेऊन तळघरात सीटी स्कॅनला गेले होते. तिथे मोबाइलला रेंज नसते. मी तीनदा लावला. मोठे डॉक्टर, शाहसाहेब, त्या वेळी दुसऱ्या हॉस्पिटलला असतात, त्यांचाही फोन उचलला जात नव्हता. आयसीयूत विचारलं – बेड रिकामा नाही, थोडी वार लागशे, म्हणजे वेळ लागेल. इकडे भिलाभाऊ हाकेला ओ देईनासा झाला. डोळे उघडायचा, पण आपल्याकडे बघायचा नाही.

तेवढ्यात नर्सिंग स्टेशनवरचा इंटरकॉम वाजला.

मी धावत जाऊन उचलला. मला वाटलं शाहसाहेब. समोरून सरळ ऑर्डर सुरू झाली. ना हॅलो, ना कोण बोलतंय. बोलण्यात घाई नव्हती, पण मध्ये थांबणंही नव्हतं. सुईने रक्ताचा एक थेंब पांढऱ्या गॉजवर घ्या. तपकिरी दिसला आणि हवेत हलवून लाल झाला नाही, तर हे औषध. इतकं. सलाईनमध्ये नाही, डेक्स्ट्रोजमध्ये, म्हणजे साखरेच्या पाण्यात. पाच मिनिटं घेऊन, हळू. आणि मग – हे मला शब्दांसकट आठवतं असं मला वाटायचं – आकडा आणखी खाली पडेल, थांबायचं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : फोनवरून डॉक्टरांनी औषध सांगितलं की नर्सने ते रजिस्टरमध्ये लिहायचं, लिहिलेलं शब्दशः परत वाचून दाखवायचं, समोरून "बरोबर" आलं की मगच द्यायचं. याला रीड-बॅक म्हणतात. एमएल आणि एमजीमध्ये घोळ झाला तर माणूस जातो, म्हणून हा नियम. मी लिहिलं, वाचून दाखवलं. समोरून "बरोबर" आलं. फोन ठेवला गेला.

मी थेंब घेतला. ते रक्त मी विसरणार नाही. चॉकलेटसारखं. गॉज हवेत हलवला, पंख्याखाली धरला, तरी चॉकलेटच. तेव्हा मला कळलं. सहा वर्षांत एका पुस्तकात अर्धं पान वाचलेलं – काही रसायनं रक्त असं बिघडवतात की ते ऑक्सिजन नीट धरत नाही, आणि धरलेला सोडत नाही. माणूस मास्क लावून गुदमरतो. त्याच्यावरचं औषध म्हणजे स्वतःच एक रंग, मिथिलीन ब्लू. आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जन लोक ते वापरतात. वॉर्डच्या शांतामासीला मी धावत पाठवलं, तिने व्हायल आणून दिली. सहा एमएल, डेक्स्ट्रोजमध्ये, घड्याळ समोर ठेवून पाच मिनिटं.

दुसऱ्या मिनिटाला आकडा सत्तरवर आला. मग चौसष्ट. बायको माझ्या तोंडाकडे बघत होती. दुसरी कुठलीही वेळ असती तर मी सुई काढली असती. पण सांगितलं होतं ना, पडेल म्हणून. मी दाबत राहिले.

वीस मिनिटांत ओठांना रंग आला. अर्ध्या तासात भिलाभाऊने बायकोला विचारलं, "डबा कोठे शे मना?" ती रडायला लागली. संध्याकाळी तीच बाई घाबरीघुबरी पळत आली – "ताई, यासनी लघवी हिरवी व्हयनी." म्हटलं होऊ दे. रंगाच्या खात्यातला माणूस, दोन दिवस रंगच जाईल.

मेहुलभाई साडेतीनला वर आले. पेशंट बघून खूश झाले, मग रजिस्टर बघितलं.

"सिस्टर, ऑर्डर किसने दिया?"

"शाहसाहेबांचा फोन आला."

"साहेब तो प्रोसीजरमां हता. मेरी अभी बात हुई, उनको पेशंट का पता भी नहीं है."

त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. डॉक्टरांच्या नावाचा रकाना रिकामा होता. तीन वर्षांत मी तो रकाना कधी रिकामा सोडलेला नाही. नाव आधी लिहायचं, मग औषध – हात तसाच चालतो. आणि त्याच्या पुढे, माझ्याच अक्षरात, इंग्रजीत लिहिलेलं : इंजेक्शन सिन्का, वन पर्सेंट, सहा एमएल.

"ये सिन्का क्या है?"

मी ते अक्षर परत एकदा वाचलं.

सिन्का हा रशियन शब्द आहे. नीळ. कपड्यांना घालतात ती पण सिन्का, आणि तिकडच्या हॉस्पिटलांत मिथिलीन ब्लूलाही बोलताना सिन्काच म्हणतात. पुस्तकात तो शब्द नाही, तो वॉर्डातला शब्द आहे. बिश्केक सोडून मला दहा वर्षं होत आली होती. इतक्या वर्षांत तो शब्द माझ्या तोंडातून काय, मनातूनही गेला नव्हता.

मी शांतामासीला बाजूला घेऊन विचारलं, मासी, फोन वाजला होता ना? शांतामासी साठीला टेकलेली, त्या वॉर्डात वीस वर्षं लादी पुसणारी.

"वाग्यो हतो ने. हुं त्यां ज हती." वाजला होता, ती तिथेच होती.

"मी काय बोलले?"

ती जरा कचरली. "बेन, खोटुं नहीं लगाडतां. तमे कंई बीजी ज भाषामां बोलतां हतां." राग मानू नका म्हणाली, पण तुम्ही भलत्याच भाषेत बोलत होतात.

"इंग्लिश?"

"इंग्लिश तो हुं रोज सांभळुं छुं. ए इंग्लिश नहोती." इंग्लिश ती रोज ऐकते, हे ते नव्हतं.

म्हणजे मी ऑर्डर रशियनमध्ये वाचून दाखवली होती. आणि मग मी आठवायला बसले, की समोरून कुठल्या भाषेत बोलणं झालं? गुजराती? हिंदी? मला सांगता येईना. बाई की पुरुष, तेही नाही. अर्थ सगळा आठवतो, आवाज आठवत नाही. फक्त शेवटचा शब्द आठवला. मी "बरोबर" म्हणून लक्षात ठेवला होता तो शब्द "बरोबर" नव्हताच. "करेक्ट" पण नव्हता. तो होता – प्राविल्ना, रशियनमधलं "बरोबर".

तो शब्द मी एकाच ठिकाणी रोज ऐकलाय. चौथ्या वर्षी आमची ड्यूटी विषबाधेच्या वॉर्डात होती. तिथे एक मोठी नर्स होती, रोझा एजे. एजे म्हणजे ताई, तिकडे नर्सला तशीच हाक मारतात. डॉक्टरांनी ऑर्डर दिली की ती खणखणीत आवाजात परत वाचायची, आणि डॉक्टर म्हणायचे, प्राविल्ना. मग ती आम्हा स्टुडंट्सना तेच करायला लावायची, आणि "प्राविल्ना" ती स्वतः म्हणायची. एक दिवस माझी पाळी आली. मी म्हणाले, मी डॉक्टर व्हायला आलेय, हे नर्सचं काम आहे. माझ्या मोडक्या रशियनमध्ये, सगळ्यांसमोर. तिने माझ्या हातातला ट्रे घेतला आणि पुढच्या मुलीला दिला.

शुक्रवारी मला ऑफिसात बोलावलं. समोर शाहसाहेब, आमच्या केरळच्या मॅट्रन मॅडम आणि ॲडमिनचे एक जण. ॲडमिनवाल्यांकडे ऑपरेटरचा कागद होता – त्या वेळेत बाहेरून किंवा आतून तिसऱ्या मजल्यावर एकही कॉल नाही. मी मासीचं नाव सांगितलं. ते म्हणाले, मासी तुमचीच बाजू घेणार.

मॅट्रन मॅडम कडक बाई. "सिस्टर, सच बताओ. आपको लगा कि आप डॉक्टर हो. है ना? बिना ऑर्डर इंजेक्शन दिया, बाद में फोन का स्टोरी बनाया."

"मॅडम, फोन आला होता."

"किसका?"

मी रजिस्टरातल्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं.

हे किती गंभीर आहे ते सांगते. नर्सने ऑर्डरशिवाय शिरेतून औषध दिलं तर नोकरी जातेच, वर नर्सिंग कौन्सिलकडे लिहून कळवलं तर रजिस्ट्रेशन जातं. डॉक्टरकी गेलेलीच होती. हेही गेलं तर तेहतिसाव्या वर्षी माझ्याकडे काही उरणार नव्हतं, दारावरची पाटी सोडून.

शाहसाहेब भला माणूस. त्यांनी रजिस्टर जवळ ओढलं. पेशंटचा ब्लड रिपोर्ट बाहेरच्या लॅबमधून आला होता, निदान शंभर टक्के बरोबर निघालं होतं.

"जुओ बेन," ते म्हणाले, "मारे तमारुं नुकसान नथी करवुं. डायग्नोसिस तमने सूझ्युं, ए तो कमाल छे. मला पण पटकन सुचलं नसतं." साहेब मराठी बरं बोलतात, बडोद्याला शिकलेत. "हा रकाना रिकामाच आहे. मी माझं नाव घालतो. तुम्ही लिहून द्या की तुम्हाला शंका आली, तुम्ही मला सांगितलं, मी हो म्हटलं. विषय संपला. आणि ती परीक्षा परत द्या, मी स्वतः मदत करीन."

पेन उघडलेलं होतं.

मी इतक्या वर्षांत जे ऐकायला टपले होते ते तो माणूस बोलत होता. तुम्हाला सुचलं. कमाल आहे. परत परीक्षा द्या. हो म्हटलं की झालं. मॅट्रन मॅडमसुद्धा खिडकीकडे बघायला लागल्या, म्हणजे त्यांचीही ना नव्हती.

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही फोन केला नव्हता."

"ए तो मने खबर छे."

"आणि मला सुचलंही नव्हतं. मी न्यूमोनियाच धरून बसले होते. डेक्स्ट्रोजचं मला माहीत नव्हतं. आकडा पडतो ते माहीत नव्हतं. मला कोणीतरी सांगितलं. ते मी माझ्या नावावर कसं घेऊ?"

हे मी चांगुलपणाने बोलत नव्हते. घरात एक खोटं सहा वर्षं चाललेलं, ते रोज सांभाळून मी थकले होते. दुसरं सांभाळायची ताकद नव्हती माझ्यात. आणि दुसरं असं, की रीड-बॅक मी केलं होतं. त्या वॉर्डात मी एक गोष्ट नीट करते, ती तरी माझी राहू दे.

साहेबांनी पेन बंद केलं. त्यांना वाईट वाटलं असावं, किंवा राग आला असावा. मला वाटतं दोन्ही.

मी लिहून दिलं – औषधाची कल्पना माझी नव्हती, इंटरकॉमवरून सूचना मिळाली, सूचना देणाऱ्याची ओळख न विचारणं ही माझी चूक. त्यांनी कौन्सिलला कळवलं नाही, पेशंट वाचला म्हणून. फाइलला वॉर्निंग लेटर लागलं. वॉर्डातून काढून मला ओपीडीच्या ड्रेसिंग रूममध्ये टाकलं. इंजेक्शनला हात लावायचा नाही. तिथे मी एकटीच असते. पट्ट्या कापते.

पुढच्या रविवारी मी एक गोष्ट केली. माझी एक बॅचमेट लग्न करून बिश्केकलाच राहिली आहे. तिने चार दिवस विचारपूस करून रोझा एजेचा नंबर काढून दिला. खरं सांगते, नंबर लावताना मी मनाची तयारी केली होती. तुम्हीही करत असाल. मलाही वाटलं होतं, घरचं कोणी उचलेल आणि सांगेल की ती त्याच मंगळवारी...

तिने स्वतः उचलला. रिटायर होऊन गावाकडे राहते. आवाज बारीक, थकलेला. इंटरकॉमवरचा आवाज मला आठवत नाही असं मी वर म्हटलंय, पण हा नव्हता एवढं त्या क्षणी कळलं. मी नाव सांगितलं, वर्ष सांगितलं, वॉर्ड सांगितला. ती म्हणाली, "इंडियन मुली खूप होत्या गं. मला आठवत नाहीस तू. वाईट वाटून घेऊ नको."

मी ट्रेचा प्रसंग सांगितला. माफी मागितली. तिला तोही आठवत नव्हता. दहा वर्षं जी गोष्ट मी आत कुठेतरी धरून बसले होते, ती दुसऱ्या बाजूला कोणी धरलेलीच नव्हती. मग मी विचारलं, त्या मंगळवारी दुपारी तुम्ही काय करत होतात? ती हसली. म्हणाली, या दिवसांत रोज बटाटेच काढतेय मी, अजून काय?

"तू आता कुठल्या हॉस्पिटलला डॉक्टर आहेस?"

"डॉक्टर नाही. नर्स आहे."

मग म्हणाली, "मग पाय दुखत असतील. झोपताना भिंतीला वर लावून ठेवत जा." आणि फोन ठेवला. परत लावावासा वाटला, पण काय बोलणार होते मी?

राहिले आप्पा. भिलाभाऊ लिंबायतमध्येच आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतो. तो घरी आला आणि आमच्या दारावरची पाटी बघून त्याच्या बायकोने सगळीकडे सांगितलं – त्या डॉक्टरताईने वाचवलं. लोक आप्पांना चहाच्या टपरीवर थांबवून नमस्कार करायला लागले. इतक्या वर्षांनी शेत विकल्याचं चीज झालं होतं. त्या दिवशी जेवताना आप्पा म्हणाले, "मोठा डॉक्टरले बी समजनं नई, मन्ही आंडेरले समजनं." माझ्या लेकीला समजलं म्हणाले. त्यांचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता, निकालाच्या दिवशीसुद्धा नाही.

मी सांगायला लागले. फोनचं सांगितलं, वॉर्निंगचं सांगितलं. त्यांना अर्धंच ऐकू गेलं.

"कसाना फोन? औषध तूच देलं ना? मंग सांगी दे, मीच देलं. डॉक्टर शे ना तू."

"दिलं मी. पण मला सुचलं नव्हतं, आप्पा."

"काय?"

मी आवाज चढवला. आमच्या घरात तसंच बोलावं लागतं. "मला सुचलं नव्हतं. मी नर्स आहे आप्पा, मी फक्त सांगितलेलं दिलं."

दार उघडं होतं. ओट्यावर समोरच्या काकू तांदूळ निवडत होत्या, त्यांचा हात थांबला.

आप्पा ताटाकडे बघत म्हणाले, "हयू बोल."

हळू बोल. मला आठवतंय तेव्हापासून आप्पा मला "जोरात बोल" एवढंच म्हणत आलेत. त्या दिवशी त्यांना पहिल्याच वेळी स्वच्छ ऐकू गेलं होतं. ते उठले, हात धुतला, आणि बाहेर जाऊन काकूंना काहीतरी सांगू लागले. काय सांगितलं ते दुसऱ्या दिवशी कळलं – दमली आहे पोरगी, काहीबाही बोलते.

तर आता असं आहे. हॉस्पिटलमध्ये एक गोष्ट चालते, की डॉक्टर व्हायची हौस न फिटलेल्या एका सिस्टरने मनाने इंजेक्शन दिलं आणि फोनची थाप मारली. लिंबायतमध्ये दुसरी चालते, की आमच्या डॉक्टरताईने मोठ्या डॉक्टरांना जमलं नाही ते करून दाखवलं. दोन्हीकडे मी औषध स्वतः ओळखलंय. फरक इतकाच, की एकीकडे मी गुन्हेगार आहे आणि दुसरीकडे हुशार. तिसरी, जी खरी घडली, ती सांगायला माझ्याकडे एक शांतामासी आहे, आणि तिला कोणी विचारत नाही.

माझ्या ओळखीच्या एका मानसोपचारतज्ज्ञांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, माणूस वाचवायच्या ताणात मेंदू खोल गाडलेली माहिती वर काढतो आणि तिला आवाज देतो. सिन्का, डेक्स्ट्रोज, सगळं तू कधीतरी त्या वॉर्डात ऐकलेलं असणार. मी या ग्रुपवर दुसऱ्या कोणाची पोस्ट वाचली असती तर हेच लिहिलं असतं. पटतंही मला. फक्त मग मासीने काय ऐकलं, ते राहतं. माझ्या मेंदूने वाजवलेली घंटी तिच्या कानात कशी वाजेल?

यावर कोणाकडे काही उत्तर असेल तर लिहा. तुमचं निदान वाचायला आवडेल, चेष्टा केलीत तरी चालेल. पण मला ते सुचलं नव्हतं. आणि फोन वाजला होता.